मालन सिस्टरचा पाळणा

कोपरीच्या मिठागरात राबणाऱ्या काळुरामची शेवंती पांढरी साडी नेसून प्रसूतिगृहात नर्स म्हणून निघाली, तेव्हा सगळी आळी तिला बघायला दारात उभी होती. एकोणीसशे त्रेपन्न सालची ही गोष्ट. नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की होणं वॉर्डाची प्रमुख असलेल्या मालन सिस्टरच्या मर्जीवर, आणि मालन सिस्टरच्या डोळ्यांत ही मिठागरवाली पहिल्या दिवसापासून खुपत होती. शेवंतीनं धुऊन वाळवलेली चादर सिस्टर बाळंतिणींच्या देखत जमिनीवर टाकायची आणि म्हणायची, “धू गं शेवंते, पुन्हा धू!”

शेवंती ती उचलून पुन्हा धुवायला घ्यायची. पण पोरगी मुळातच खट्याळ. चादर आपटता आपटता तिनं एक पाळणा रचला आणि रडणाऱ्या पोरांना खुशाल म्हणून दाखवू लागली:

झोप रे बाळा, गप रे गप,
मालन सिस्टर करते जप:
धू गं शेवंते, पुन्हा धू,
माझ्यापुढं कोण गं तू?

बाळंतिणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

शेवटी ‘ही कामाची नाही’ असं मालन सिस्टरनं वर कळवलं, तेव्हा मात्र शेवंतीचं डोकं फिरलं. ती चादरींची तक्रार घेऊन तडक मेट्रनबाईंकडे गेली. बाईंनी वॉर्डातच चौकशी मांडली.

“मी शिस्त लावते,” मालन सिस्टर म्हणाली. बाकीच्या नर्सांनी माना खाली घातल्या. कुणी काही पाहिलंच नव्हतं म्हणे!

“साक्षीदार नसेल तर तक्रार खोटी धरीन आणि हिला घरी पाठवीन,” मेट्रनबाईंनी बजावलं.

एवढ्यात शहाडहून आलेल्या गोदा नावाच्या बाळंतिणीचं पोर किंचाळलं. त्याला गप्प करायच्या नादात गोदानं सवयीनं पाळणा धरला. शेजारणीनं सूर मिळवला, आणि बघता बघता अख्खा वॉर्ड गाऊ लागला. शेवंतीनं कपाळाला हात लावला.

“कोणी रचलं हे?” मेट्रनबाई कडाडल्या.

“चाल हिची,” गोदानं शेवंतीकडे बोट दाखवलं. “शब्द त्या सिस्टरबाईंचं. आमी रोज आयकतो ना!”

मालन सिस्टरचा वॉर्ड गेला आणि शहाडकडच्या एका दवाखान्यात बदली झाली. वरिष्ठांना गाण्यात ओढल्याबद्दल शेवंतीलाही चांगली तंबी मिळाली, पण नोकरी पक्की झाली.

काही वर्षांनी शेवंती त्याच वॉर्डाची सिस्टर झाली. गोदा दुसऱ्या बाळंतपणाला आली, त्या दिवशी शालू नावाच्या नव्या नर्सनं धुऊन आणलेली चादर शेवंतीच्या हातात होती, आणि कपाळावर आठी.

“काय गं, आमच्या मालन सिस्टर काय म्हणतात?” शेवंतीनं गोदाला विचारलं.

“थोरल्याला त्यांच्या दवाखान्यात देवी टोचाया नेलेला, रडून नुसता आकांत! मी बोलले, बाई, याला एकच पालना कलतो. त्यांनी इकडं तिकडं बघितलं नि गायल्या की!”

“सगळा?” शेवंतीला हसू आवरेना.

“सगला. नावं तेवढी उलटी केली. ‘शेवंती सिस्टर करते जप.’ आता आख्खा शहाड तसंच म्हनतो.”

वॉर्डात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं शालू हसली, आणि घाबरून एकदम गप्प झाली. जमिनीवर टाकायला उचललेली चादर शेवंतीनं मुकाट्यानं स्वतःच पलंगावर अंथरली.