कर्ण्याचं तोंड

आटपाडी तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी कऱ्हाडकडचा, उसातला. वडील पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, चुलत्यांच्या विहिरींवर इंजिनं. एसटीतून उतरलो तर समोर माळ, माळावर बाभळी आणि वारा. ती नेमणूक मला शिक्षा वाटली. मग तिचा राग मी दुसऱ्या कुणावर तरी काढत गेलो. त्या वेळी कळत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण कळत होतं.

शाळेचे निरोप घरोघर पोचवायचं काम धाकट्या गुरुजीचं, म्हणजे माझं. देवी टोचायला माणूस येणार, सुकडीला वाटी पाठवा, उद्यापासून शाळा सकाळची, साहेब तपासणीला येणार तर पोरांची नखं काढा. चिठ्ठी देऊन उपयोग नव्हता, वाचणारी घरं थोडी. पोराकडं निरोप दिला तर तो पोराबरोबर बोरं वेचत राहायचा. आधी कोतवाल दवंडी द्यायचा, पण शाळेचं काम तो सगळ्यात शेवटी आणि तोंडातल्या तोंडात उरकायचा. मग जत्रेच्या शिलकीतून गावानं देवळासाठी कर्णा घेतला, बॅटरीवर चालणारा. आमच्या हेडमास्तरांनी, गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं, पंचमंडळींना विचारून संध्याकाळी भजनाआधीचा थोडा वेळ शाळेसाठी मागून घेतला. रोज मी देवळाच्या ओट्यावर मांडी घालून माईकमध्ये बोलायला लागलो. गाव त्याला पुकारा म्हणायचं.

सुरुवातीला कुणी ऐकत नसे. बाया भाकरी थापत असायच्या, गडी जनावरं बांधत असायचे. मग एकदा सहज म्हणून मी एका पोराच्या बापाचं नाव घेऊन सांगितलं की त्यांच्या चिरंजीवांनी आठवडाभर शाळेला तोंड दाखवलेलं नाही, हरवले असतील तर चौकीत वर्दी द्यावी. ओट्याखाली बसलेले हसले. दुसऱ्या दिवशी पोरगं हजर. मोठे गुरुजी म्हणाले, बरं झालं. त्यांनी बरं म्हटलं आणि मला वाट सापडली.

हळूहळू निरोप लहान झाला आणि टोमणा मोठा. कुणाच्या पोराच्या सदऱ्याला गुंडी नाही, कुणाचं पोर शेंबूड पुसत नाही, सगळं कर्ण्यावर. पुकाऱ्याच्या वेळेला ओटा भरायला लागला. तंबाखू मळत माणसं येऊन बसायची. आज कुणाची पाळी मास्तर, असं विचारायची. ऊसपट्ट्यात मला कुणी दोन शब्द धड बोलू दिले नव्हते, थोरल्या भावांसमोर मी मुकाच असायचो. इथं माझ्या तोंडाकडं बघत माणसं बसलेली. त्याची चटक लागते.

मात्र गावातल्या बड्या घरांचं नाव मी कधी घेतलं नाही. एवढी अक्कल होती.

ओढ्यापलीकडच्या चढावर धनगरांची वस्ती होती. दिवाळी झाली की गडी मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचे, वस्तीवर बाया, म्हातारी आणि शाळेत जाणारी चार पोरं राहायची. कर्णा एका वाशाला बांधलेला होता आणि वासा हातानं फिरायचा. तोंड गावाकडं असलं की वस्तीवर काही ऐकू जात नसे. मी वासा फिरवून कर्णा वस्तीकडं केला. कारण चांगलंच होतं, त्यांनाही निरोप कळावेत. ओट्याखाली बसलेल्यांना माझा आवाज तसाही ऐकू यायचाच.

त्या वस्तीवरची एक मुलगी चौथीत होती. हुशार होती, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं आणि का कोण जाणे, आवडलं नाही. तिच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा. बाप मेंढरांमागं. आई बांधबंदिस्तीच्या कामावर दगड उचलायची. ही बाई एकदा शाळेत येऊन मोठ्या गुरुजींना म्हणाली होती की हिला मेंढरामागं घालायची नाही. गुरुजींनी तिला सांगितलं, मिरजेला मुलींचं वसतिगृह आहे, राहणं-खाणं फुकट, पाचवीपासून घेतात. एप्रिल-मेमध्ये कागद येईल. त्या दिवशी आटपाडीला पोरीला घेऊन पालकानं स्वतः जायचं, निवड तिथंच होते. कागद आला की कळवू. तिनं दोनदा विचारून घेतलं, पालक म्हणजे बापच पायजे का आय चालंल. चालेल म्हटल्यावर ती हात जोडून गेली. त्यानंतर ती वस्तीवर रोज पुकारा ऐकत बसायची, हे मला पोरांकडून समजलं.

म्हणजे ती कागदाची वाट बघत होती, आणि ऐकू येत होतं ते हे:

"वस्तीवरच्या बाईंना सांगणं आहे, वर्गात मेंढरू शिरलं की पोरगी आली, आम्हाला वासावरून कळत नाही. मेंढराला गेरूची खूण करता, तशी पोरीलाही करून पाठवावी."

ओटा खदाखदा हसला. एकानं मांडीवर थाप मारून म्हटलं, मास्तर, लय झ्याक. मी दुसऱ्या दिवशी उवांवर बोललो. तिच्या डोक्यात जत्रा भरलीय, पाळणे तेवढे आणायचे राहिलेत, असं काहीतरी.

पुढच्या दिवशी मुलगी शाळेत आली ती डोक्यावर फडकं बांधून. मी ते काढायला लावलं. आईनं मेंढरं कातरायच्या कातरीनं तिचे केस मुळापासून कापले होते. कातर मोठी, हात दगड उचलून थकलेला, डोक्यावर दोन ठिकाणी कापलं होतं. वर्ग हसला. मी हसू दिलं. पोरगी पाटीकडं बघत उभी राहिली. मी बस म्हणेपर्यंत बसली नाही, आणि मी लवकर म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी तिची आई ओट्यासमोर आली. पुरुषमाणसं बसलेली, ती खाली उभी. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, तो बोलायला सोडला.

"आवं मास्तर, त्यो कर्णा फिरवा गावाकडं. काय सांगायचं आसंल ते दारात येऊन सांगा. मी ऐकत न्हाई आसं न्हाई. पर ह्ये ऐकवत न्हाई."

कुणी हसलं नाही. तंबाखू मळणारे हात थांबले. एका म्हाताऱ्यानं खाली बघत म्हटलं, खरं हाय बाईचं. माझे कान तापले. मी उठलो, वासा धरला आणि सगळ्यांसमोर कर्णा फिरवला.

"फिरवला," मी म्हणालो. "आता पुन्हा तक्रार नको."

तिला वाटलं, मी ऐकलं. मोठ्या गुरुजींना केला होता त्यापेक्षाही वाकून ती मला नमस्कार करून गेली.

परीक्षा झाल्या, मुलगी पहिली आली, शाळा सुटीसाठी बंद झाली. मोठे गुरुजी त्यांच्या गावी शिरवळकडं निघाले. शाळेची कौलं चाळायची होती म्हणून मी मागं राहिलो. जाताना एसटीच्या पायरीवरून त्यांनी मला पुन्हा बजावलं, वसतिगृहाचा कागद आला तर वस्तीवर स्वतः जा. कर्ण्यावर सोडू नका. मी होय म्हणालो.

कागद चार दिवसांनी आला. येत्या बाजाराच्या दिवशी आटपाडीला हजर राहायचं होतं. मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. संध्याकाळी कर्ण्यावर वाचला, अगदी शब्द न् शब्द, टोमणा न मारता. तोंड गावाकडं. वळवाच्या आधीचा वारा वस्तीकडून गावावर येत होता, माझा आवाज पलीकडं ओढ्यापर्यंतसुद्धा गेला नसेल. ओट्यावरची माणसं मधेच उठून गेली. नुसता निरोप ऐकायची त्यांना सवयच राहिली नव्हती. मीच मोडली होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी ओढ्याच्या डोहावर आंघोळीला गेलो होतो. मुलगी शेरडं घेऊन पाण्यावर आली. केस बोटभर वाढले होते. ती थोडी लांब उभी राहिली आणि म्हणाली,

"गुरुजी, मिरजंचा कागद आला का?"

सदरा दगडावर ठेवला होता, कागद त्याच्या खिशात होता. मला आजही तो दगड दिसतो. एवढंच म्हणायचं होतं की उद्या आईला घेऊन जा. त्यात माझं काही जात नव्हतं. मी टॉवेलनं डोकं पुसत म्हणालो,

"येईल तेव्हा कळेल."

ती शेरडं वळवून गेली.

का, असं मला पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलं. उत्तर फार लहान आहे. तिच्या आईनं चारचौघांत मला कर्णा फिरवायला लावला होता. मी फिरवला होता. आता तिनं भोगावं. यापेक्षा खोल काही शोधून सापडलं नाही.

बाजारानंतर दोन दिवसांनी आई आली, पोरीला हाताला धरून. कामावरच्या कुणा बाईकडून तिला कळलं होतं की शेजारच्या गावातल्या दोन मुली मिरजेला निवडल्या गेल्या. मी शाळेच्या आवारात कौलांची उतरंड बघत होतो, चाळणारे गडी वर आढ्यावर बसलेले. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं की कागद आला व्हता का.

मी म्हणालो, पुकारा झालाय, सगळ्या गावानं ऐकलाय.

"आमच्याकडं तोंड न्हवतं कर्ण्याचं."

"तुम्हीच फिरवायला लावलंत."

वरचे गडी थांबून ऐकत होते. मग ती हळू म्हणाली, दारात येऊन सांगा म्हनले व्हते मी. आणि मला मोठे गुरुजी आठवले. सुटीवरून आल्यावर ते हेच विचारणार. बोलता बोलता माझ्या तोंडातून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं, पण अडखळलोही नाही.

"तुमच्या पोरीला मी स्वतः सांगितलं होतं. ओढ्यावर भेटली होती. विचारा तिला."

आईनं पोरीकडं बघितलं.

"भ्येटले व्हते का गुरुजी, वड्यावर?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलली नाही ती. खोटं मी बोललो होतो.

"व्हय," ती म्हणाली.

पुढचं सांगायला तिला वेळ मिळाला नाही. आईनं तिच्या तोंडात मारली. मग पाठीत. मग जिथं बसेल तिथं. दगड उचलणारे हात होते ते. मारताना ती एकच विचारत होती, का इसरलीस, सांग, का इसरलीस. आढ्यावरचा एक गडी म्हणाला, आवं मास्तर, सोडवा की. मी सोडवलं. मधे पडलो, बाईंना समजावलं की पोर आहे, होतं असं. बाई माझ्या पाया पडली. पोरगी रडली नाही. तिनं मला पुन्हा काही विचारलंही नाही.

मोठे गुरुजी आल्यावर मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तरी तुम्ही वस्तीवर जायला हवं होतं. बस, एवढंच. पोरगी त्या दिवाळीनंतर बापाबरोबर मेंढरांमागं गेली.

पुढं पाच-सहा वर्षांनी वडिलांनी खटपट करून माझी बदली आमच्याच गावच्या शाळेत करून घेतली. आमच्या भागात ऊस तुटल्यावर रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीखत पडतं, त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं. त्या साली थोरल्या भावानं ठरवलेला कळप आमच्या रानात उतरला. सकाळी धान्य न्यायला दोन बाया अंगणात आल्या, बरोबर एक लहान मुलगी. मी ओसरीवर दाढी करत होतो. एक तीच आई, आता म्हातारी दिसणारी; तिनं मला ओळखलं, ती एकदम खाली वाकली. दुसरी तिच्यामागं उभी होती. कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात काळे मणी, अंगाला तोच वास. वेणी चांगली लांब होती.

म्हातारीनं माझ्या आईला, वहिनीला कौतुकानं सांगितलं की हे मास्तर आमच्या गावात व्हते, लय चांगले. आमच्या पोरीचं मिरजंला हुयाचं व्हतं. मास्तरांनी हिला सोता सांगितलं, तर ही इसरली. नशीब. माझी आई चुकचुकली. म्हातारी लहानीला पुढं ढकलून म्हणाली, ही धाकटी. हिच्यागत इसराळी न्हाई ही. कळप इथं हाय तवर साळंत बसवा तेवढी.

साबण गालावर वाळत होता. आई होती, वहिनी होती, भाऊ दारात पोतं घेऊन उभा. तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, उद्या घेऊन या.

भाऊ पोत्यातलं धान्य मोजून द्यायला लागला आणि म्हातारी तिकडं वळली. थोरली तिथंच राहिली. ओसरीच्या पायरीपर्यंत आली. तिनं आवाज चढवला नाही, घरातल्या कुणाला ऐकू गेला नसेल.

"हिच्या साळंचं काय सांगायचं आसंल ते आयला सांगा," ती म्हणाली. "आयला जमलं न्हाई तर मला. हिच्यापाशी काय सांगितलं म्हनू नगा."

मी बरं म्हणालो. तिनं धाकटीचा हात धरला आणि ती पोत्याकडं गेली.