दामिनीनं वडिलांना रंग विचारला

दामिनी बारापात्रे पहिल्यांदा आमच्या रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा लिफ्टचं दार उघडताच आधी तिच्या अत्तराचा वास आला आणि मग ती आली. जुन्या कोसा रेशमी साडीचं शिवलेलं लांब जाकीट, कानात पितळेची भलीमोठी कर्णफुलं, ओठ लालभडक. माझ्या नवऱ्यानं दबक्या आवाजात मला विचारलं, या घर सजवणार आहेत की सिनेमात काम करणार आहेत? तिला ते ऐकू गेलं. ती हसून म्हणाली की मेहनत दोन्हीला सारखीच लागते.

आम्हाला वाटलं होतं, ती फोटो दाखवेल, कुठला रंग आवडतो ते विचारेल. रंग ती कुणालाच विचारत नसे. विचारलं की लोक शेजाऱ्याच्या घरचा रंग सांगतात, असं तिचं म्हणणं. तिनं आधी भिंतीला चिकटलेला आमचा सोफा खोलीच्या मधोमध ओढायला लावला. भिंतीशी ओळीनं बसलेली माणसं दवाखान्यात नंबर लावल्यासारखी दिसतात, म्हणाली. मग मला एकटीला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "घरात भांडण झालं की तुम्ही कुठे जाऊन बसता?"

मी बसतच नसे. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहत असे.

काही दिवसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक रुंद, हळदी रंगाची खुर्ची आली. खालच्या रस्त्यावरून दिसावी इतकी पिवळी. तिचे हात एवढे मोठे, की कप ठेवून निवांत चहा पिता यावा. ती माझी आहे हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही. त्यानंतर दामिनी कामाशिवायही येऊ लागली. पुढचं सगळं तिनंच मला थोडं थोडं करून सांगितलं.

ती मूळची उमरेडची, विणकराच्या घरातली. वडील ताराचंद हातमागावर साड्या विणायचे, आई प्रेमिला सूत भरून द्यायची. पुढे हातमागाच्या साडीला गिऱ्हाईक उरलं नाही. माग विकला. विणकराला पाय सोडून बसायला मागाखाली जो खड्डा असतो, तोही सिमेंटनं बुजवला. ताराचंद एका कापडाच्या दुकानात कापड मोजून द्यायला लागले. दामिनी शिकायला नागपूरला आली, सीताबर्डीच्या एका फर्निचरच्या दुकानात राबली आणि मग तिनं छोटा कारखाना काढून स्वतःचं काम सुरू केलं. तिचं सगळंच भडक असतं असं लोक नावं ठेवून म्हणायचे. हळूहळू तेच लोक त्या भडकपणासाठी तिला बोलवायला लागले.

गेल्या वर्षी ताराचंद न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. या माणसाचं जेवण, पेपर वाचणं, गप्पा, सगळं आयुष्यभर जमिनीवर झालेलं. घरात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी.

दामिनीनं आपल्या कारखान्यातली सगळ्यात देखणी खुर्ची टेम्पोत घालून पाठवली. मोरपिशी मखमल, उंच पाठ, पायांना पितळी टोप्या. पुढच्या रविवारी ती भेटायला गेली तर खुर्चीवर चादर घातलेली, आणि चादरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. वडील खाटेच्या कडेला कसेबसे टेकलेले.

चादरीकडे तिची नजर गेलेली त्यांना दिसली. ते म्हणाले, "चांगली हाय वं. पण त्याच्यात बसलं का मले पाहुणा आल्यावानी वाट्टे. आपल्याच घरी."

तिला लागलं ते. नागपुरातल्या मोठमोठ्या घरांना बसायला शिकवणारी मुलगी, आणि बापाला बसायला जागा नाही. त्या दिवशी ती परतली नाही. नागपूरची कामं पुढे ढकलून ती उमरेडलाच राहिली, आणि ते कुठे रमतात हे नुसतं बघत बसली.

सकाळी उन्हं आली की ताराचंद काठी टेकत अंगणातल्या उंच ओट्याकडे जायचे आणि कडेवर बसायचे. पाठ कशाला टेकलेली नसायची. पाय खाली सोडलेले. बोलता बोलता ते पाय हळूच खालीवर व्हायचे, आधी एक, मग दुसरा, मागाच्या फळ्या दाबल्यासारखे. हातांना मात्र काय करावं ते सुचत नसे. ते मांडीवर ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. लहानपणापासून पाहिलेली ही बसण्याची तऱ्हा आपल्याला ओळखू कशी आली नाही, असं दामिनीला वाटत राहिलं.

तिनं सागवानी बाकडं करायचं ठरवलं. उंच, बिनपाठीचं, पाय टेकायला खाली फळी आणि हात ठेवायला समोर मागासारखी गोल, गुळगुळीत दांडी. सुतार म्हणाला, हे काय बसायचं झालं? तिनं त्याला आपण सांगतो तसंच करायला सांगितलं. गादीच्या कापडाचे तुकडे घेऊन ती पुन्हा उमरेडला गेली आणि तिनं ते खाटेवर पसरले. तोवर तिनं मनातल्या मनात राखाडी रंग ठरवून टाकला होता. म्हाताऱ्या माणसाला साधंच हवं असणार, असं धरून. तरी कसं कोण जाणे, तिनं विचारलं, "बाबा, कोणता रंग घेऊ?"

ताराचंदनी एक तुकडा उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "मले काहून विचारून राहिली?"

"अवो, सांगा न," प्रेमिला आतून म्हणाली. "पोरगी विचारून राहिली."

"सांगतो न. जनमभर सेठनं देल्ला रंग विणला. कोणी विचारलं तं पाह्यजे."

दामिनीनं मला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाणी प्यायचं निमित्त करून ती त्या वेळी आत निघून गेली होती म्हणे, आणि आत आईनं नुसता तांब्या पुढे केला होता.

ताराचंदनी घाई केली नाही. तुकडे उन्हात नेऊन पाहिले, चुरगाळून पाहिले, दुसरे आणायला लावले. शेवटी पिकल्या जांभळाचा रंग निवडला आणि त्याला पोपटी किनार लावायला सांगितली.

"हे जुळत नाही बाबा," दामिनी म्हणाली.

"नसंल जुळत. मले आवडते."

तिनं तसंच करून दिलं. अजूनही ते जुळत नाही असंच तिचं मत आहे. तिच्या कामाचे फोटो ती जगाला दाखवते, त्या बाकड्याचा मात्र कधी दाखवला नाही.

थंडीत मी तिच्यासोबत उमरेडला गेले. बाकडं अंगणात उन्हात होतं. जांभळ्या गादीवर ताराचंद ताठ बसले होते, हात दांडीवर, आणि त्यांच्या शेजारी प्रेमिलाबाई वाटाणे सोलत होत्या. सगळं आयुष्य ते मागावर आणि त्या त्यांच्या पाठीमागे सूत भरत बसलेल्या. असं खांद्याला खांदा लावून त्या आत्ताच बसायला लागल्या आहेत, हे मला दामिनीनं वाटेतच सांगितलं होतं. प्रेमिलाबाई मध्येच एखादा वाटाणा त्यांच्या हातावर ठेवायच्या आणि ते न बघता तोंडात टाकायचे.

प्लास्टिकची खुर्ची आणायला दामिनी आत वळली, तर ताराचंदनी तिला थांबवलं. ते बायकोकडे सरकले, दांडी धरून आणखी थोडे सरकले आणि गादीवर हात थोपटून मला म्हणाले, "इथं बसा. ऊन चांगलं लागते."