नेऱ्यावरचा करडा उतार

"चला, बघून येऊ," असं म्हणत आमच्या मॅडम खुर्चीतून उठायच्या, तेव्हा स्कूटरची किल्ली हातात असायचीच. चहा अर्धा राहायचा.

खांदा कॉलनीतल्या लहानशा ऑफिसात आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून शेतीचे नकाशे करायचो. कुठे भात, कुठे भाजी, कुठे पडीक, सगळं स्क्रीनवर रंगवायचं. मॅडम आमच्या प्रमुख. पण तुम्ही त्यांना पाहिलं असतंत, तर ही बाई या बैठ्या कामात आली कशी, असंच वाटलं असतं. फोनवर बोलतानाही त्या जिन्यात येरझाऱ्या घालायच्या.

एकदा वृक्षलागवडीसाठी पडीक जमिनी शोधायचं काम आलं. नेरे गावाच्या वरचा एक डोंगरउतार नकाशात करडा, म्हणजे पडीक आला. मॅडमना चैन पडेना. ऑगस्टातल्या भुरभुरीत आम्ही दोघं वर चढलो.

उतारभर नाचणी होती. जवळच्या वाडीतली एक बाई तण काढत होती.

"इथं झाडं लावायची म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

"मंग आमी खायाचा काय?"

जीपीएस घेऊन मॅडम घसरत, धडपडत शेताची कड मोजू लागल्या. वाट दाखवत ती बाई पुढे.

बैठकीत काम देणारे साहेब वैतागले. "मॅडम, उपग्रह खोटं बोलतो का?"

"नाही सर. पावसात ढग असतात, म्हणून आपण एप्रिलचं चित्र घेतलं. एप्रिलमध्ये नाचणी कशी दिसेल?" बोलता बोलता त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "उतार पडीकच दाखवायचा असेल, तर नकाशावर माझं नाव नको."

उतार लागवडीतून वगळला गेला. पुढचं काम मात्र आम्हाला मिळालं नाही, आणि मॅडमचा करार वाढला नाही.

"बरं झालं, पाय आखडले होते," त्या हसल्या. पण टेबलाचा रिकामा खण पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. पुढे ओडिशात गेल्याचं कळलं. फोन लागत नाही.

यंदा दुसऱ्या कामासाठी मी एकटाच वर गेलो. नाचणीला कणसं धरली होती. ती बाई तण काढता काढता माझ्या पाठीमागच्या पायवाटेकडे बघत होती.

"तुमची बाय कुठं हाय?"

"नोकरी बदलली त्यांनी. लांब गेल्या."

तिचा हात थांबला. "आमच्यामुलं?"

मी नाही म्हणालो. ती वाटेकडेच बघत राहिली. मग मीही वळून पाहिलं.