शेजघरातली झोप

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली असतील. माझे यजमान देवळाच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि डोकं दगडावर आपटलं. चार दिवस शुद्ध नव्हती. जखम महिन्याभरात भरली, पण झोप काही ताळ्यावर येईना. रात्रभर डोळे टक्क उघडे आणि दिवसा तोंडात घास तसाच ठेवून डुलक्या.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका मराठी सरदारांच्या राममंदिराची पूजा यांच्याकडे होती. राहायची खोली आणि शिधा त्या पूजेवरच. पहाटे काकडआरती करून देवाला उठवायचं, रात्री शेजारती करून छोट्या मूर्ती शेजघरातल्या पलंगावर निजवायच्या. डॉक्टर म्हणाले, "दिमाग को चोट लगी है. जब नींद आए, सोने दो." त्यांचं काय जातं सांगायला! देवाला काय सांगू, जरा पडून राहा म्हणून? यांना नेमकी पहाटेच झोप लागे आणि मी डोळ्यांवर गार पाणी मारून उठवी. हे लहान मुलासारखे रडत. तरी मी पाणी मारतच राही.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मला ऐकू जाईल असं भिंतीकडे बघून म्हणत, "हा बिल्कुल ठीक आहे. सगळं नाटक चाललंय. सरदारांच्या कारभाऱ्यांशी बात करावी लागेल." पूजा त्यांना स्वतःच्या मुलासाठी हवी होती.

एका पहाटे हे अंथरुणात नव्हते. मी तांब्या घेऊन देवळात गेले. शेजघराचं दार उघडं होतं. मूर्ती अलगद कडेला सरकवून, देवाच्या उशीवर डोकं ठेवून हे झोपले होते. चक्क घोरत होते. दोन महिन्यांत ते घोरणं मी ऐकलं नव्हतं.

तेव्हाच उठवलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. पण माझा हात उचलेना. मी दार लोटून उंबऱ्याशी बसले. फार भीती वाटत होती, तरी बसून राहिले.

दीर कारभाऱ्यांना घेऊन आले, तेव्हा लख्ख उजाडलं होतं. देवाचा पलंग बाटवला म्हणून आठवड्याच्या आत पूजा गेली, खोली गेली. आम्ही नया बाजारात भाड्याने राहू लागलो.

"तू दाराशीच होतीस ना? मग मला उठवलं का नाहीस?" हे मरेपर्यंत विचारत राहिले. दया आली असं मी म्हणाले असते, तर त्यांनी मला कधीच माफ केलं नसतं. मी म्हणे, "माझाही डोळा लागला हो." त्यांना ते खरं वाटलं, आणि शेवटपर्यंत ते मला झोपाळू म्हणून बोल लावत गेले.