सगळ्यांचं दहा पॉइंट दोन

बारावीच्या सुरुवातीला कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. मुलगा ड्युटीवर, सून दादरला साड्यांच्या दुकानात, तिला सुट्टी मागायची सोय नाय. मग नातीबरोबर मीच गेले. शिकलेले आईबाप पुढे बसले, मी मागच्या बाकावर.

केमिस्ट्रीच्या मॅडमनी उभं राहून सगळं सांगितलं. अकरावीचं वेगळं आणि हे वेगळं. नुसतं पाठ करून चालणार नाय, समजायला पाहिजे. गणितं येतील. न दिसणाऱ्या कणांचा हिशेब येईल. आणि आठवड्याला एक प्रॅक्टिकल, आपल्या हातानं करायचं, जे येईल ते रीडिंग जर्नलमध्ये लिहायचं. "स्वतःचं रीडिंग," मॅडम दोनदा बोलल्या. एका बापानं विचारलं, मार्क किती त्याला. मॅडम बोलल्या, तीस. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाय.

मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. खोटं कशाला सांगू.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. संपानंतर गिरणी सुटली आणि नवऱ्याचे हात रिकामे झाले, तेव्हा परळच्या एका कॉलेजात लॅबची मावशी म्हणून लागले. चोवीस वर्षं काचा धुतल्या. परमनंट कधी केलं नाय. ॲसिडनं साड्यांना भोकं पडायची, म्हणून कामावर कायम तीच जुनी साडी नेसायची. परमँगनेटनं बोटं आधी जांभळी, मग तपकिरी व्हायची, ती घासून जात नायत. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला माझ्या हातात वाण देताना बोटांकडे बघायच्या. एक तर बोललीच, "काय गो, मशेरी तोंडाला लावतेस की हातांना?" मी हसले. घरी येऊन दार लावलं आणि कामाला लागले. रडायला जागा नव्हती, खोली एक आणि माणसं सात.

पण त्या लॅबमध्ये मी बघितलं होतं, पोरं कशी शिकतात. पहिल्या दिवशी काचेची नळी हातात धरायला घाबरतात. दिवाळीपर्यंत हात स्थिर होतो. तिथले सर कडक होते. एका पोरानं शेजाऱ्याचा आकडा उचलला तर सगळं ओतून टाकायला लावायचे, परत कर बोलायचे. म्हणून मला वाटलं, माझ्या नातीच्या वाट्याला पण तेच येईल.

तिला फार्मसी करायची आहे. औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहायचं, हे तिनं सातवीतच ठरवलंय. डिप्लोमाला बारावीच्या मार्कांवर नंबर लागतो. घराजवळच्या कॉलेजात लागला तर चालत जाता येईल. म्हणून तिला ते तीस मार्क पाहिजे होते, एकही सोडायचा नव्हता.

जून गेला, जुलै गेला. मी विचारायचे, "आज लॅब होती?" ती बोलायची, "बंद होती." गणपती आले, गेले. लॅब बंद. अर्धा वर्ग तर कॉलेजला येतच नव्हता. ती पोरं सकाळपासून क्लासला बसायची, कॉलेजात नुसतं नाव. हजेरी लागायची. कशी लागायची ते मला विचारू नका. दिवाळी झाल्यावर चार दिवस लॅब उघडली. एका बाकावर सहा पोरं, एक जण करतो, पाच जण बघतात. वर्षभराची प्रॅक्टिकलं चार दिवसांत आटपली.

आणि जर्नल? त्याची रीतच आहे. गेल्या वर्षीच्या एका हुशार पोरीचं जर्नल असतं, ते हातोहात फिरतं. त्यातनं सगळे उतरवतात. चित्रं, आकडे, उत्तर, सगळं. तिच्या चुकासुद्धा उतरवतात.

माझ्या नातीनं एकच केलं. त्या चार दिवसांतल्या एका दिवशी बाकीची पाच जणं वडापाव खायला खाली गेली, तर ही एकटी उभी राहिली आणि टायट्रेशन केलं. म्हणजे असं, की उभ्या काचेच्या नळीत जांभळं परमँगनेट भरायचं, नळीवर आकडे असतात, खाली चावी असते. खालच्या बाटलीत पाण्यासारखं ॲसिड, ते गरम करून घ्यायचं. वरनं थेंब थेंब सोडायचं आणि खालचं गुलाबी होऊन तसंच राहिलं की चावी बंद. नळीतलं किती गेलं तो आकडा लिहायचा. हिचं आलं नऊ पॉइंट चार. तिनं तेच लिहिलं.

जानेवारीत जर्नल परत आलं तेव्हा त्या पानावर आडवी लाल रेघ. खाली लिहिलेलं, परत लिहा. सही नाय. हिनं विचारलं तर मॅडम बोलल्या, "सगळ्यांचं दहा पॉइंट दोन आलंय. तुझंच वेगळं कसं? पान बदल, मग सही देते."

ती घरी येऊन जेवली नाय. सून बोलली, "बदल ना मग. एक पान आहे. त्यासाठी वर्ष घालवतेस?"

"मम्मी, मी केलंय ते."

"सगळ्यांनी केलंय तेच कर."

मी भात वाढत होते. डाव भांड्यावर जरा जोरात लागला. मी नातीला एकच विचारलं, "नळी आधी कशानं धुतलीस?"

"पाण्यानं, मग परमँगनेटनं."

"आणि खालची बाटली?"

"नुसत्या पाण्यानं."

बरोबर होतं. खालची बाटली ॲसिडनं धुतली असती तर आकडा खोटा आला असता. ते मला माहीत होतं, चोवीस वर्षं तीच चूक पोरांना करताना बघितली होती. मी बोलले, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. मॅडमनी खुर्ची दिली, तेवढं खरं. चेहरा थकलेला होता.

"आजी, एवढ्यासाठी तुम्ही कशाला आलात? एक पान आहे."

"मॅडम, ते परमँगनेट या वर्षी नवीन बनवलं की गेल्या वर्षीचंच आहे?"

त्यांना कळेना मी काय विचारते. "नवीनच असतं. दर वर्षी बनवतो."

"मग ते जरा कडक झालं की कमी लागतं, पातळ झालं की जास्त लागतं. गेल्या वर्षीचा आकडा या वर्षी सगळ्या वर्गाला कसा येईल?"

 बाजूच्या टेबलावर एक सर पेपर तपासत होते. ते हसले आणि बोलले, "घ्या मॅडम, आजींना डॉक्टरेट द्या."

मला तो राग अजून आठवतो. अंगात ताप चढावा तसा. पण मी आवाज वाढवला नाय. गरीब बाईनं आवाज वाढवला की तिचं बोलणं संपतं, हे मला तरुणपणीच कळलंय. मी बोलले, "सर, मला लिहिता येत नाय नीट. काचा धुवायला येतात. तुमच्या लॅबमधल्या धुवून ठेवल्यात का कोणी, ते एकदा दाखवा."

मॅडम बोलल्या, "आजी, मी चार तुकड्या शिकवते. मी पण कंत्राटावर आहे. दर मेमध्ये परत अर्ज करते. मला वाटत नाही का लॅब चालावी?"

हे ऐकून मला त्यांची दया यायला पाहिजे होती. आली नाय. आजपण येत नाय. मी पण कंत्राटावर होते, तरी नळ्या धूळ खात ठेवल्या नायत कधी. मी बोलले, "मग लॅब उघडा. पोरगी तुमच्यासमोर करील. दहा पॉइंट दोन आलं तर मी स्वतः पान फाडीन."

शनिवारी उघडली. लॅब म्हणजे काय, बेसिनमध्ये चहाचे कागदी कप. नळ्यांच्या चाव्या घट्ट बसलेल्या, फिरेनात. मी पिशवीतनं व्हॅसलीनची डबी काढली, एक चावी सोडवली, पुसली, बोटभर लावून परत बसवली. लॅबचे मामा, म्हणजे तिथले शिपाई, बघतच राहिले. बोलले, "मावशी, तुम्ही आमच्यातल्याच वाटतं." मी बोलले, "तुमच्यातली असते तर ही चावी जाम झाली नसती." ते ओशाळले.

मग मी स्टुलावर बसले आणि काही हात लावला नाय. नातीनं तीनदा केलं.  मॅडम चष्मा लावून नळीला डोळा लावून बघायच्या. नऊ पॉइंट चार. नऊ पॉइंट पाच. नऊ पॉइंट चार.

मॅडमनी त्या लाल रेघेच्या बाजूला सही केली. माफी बिफी काही नाय. फक्त तिला बोलल्या, "बोर्डाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतात. तिथे असा हट्ट करू नकोस."

येताना आम्ही दोघी वाटेत थांबलो. एका दुकानात उसाचा रस घेतला, एका ग्लासातनं दोघींनी प्यायला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाजवळ बसून होते. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरनं काही कळेना. टायट्रेशन चांगलं झालं, बोलली. दुसरं होतं सॉल्टचं. त्यात एक पांढरी पूड देतात आणि तिच्यात काय काय आहे ते शोधून काढायचं, दोन भाग असतात.

"एक भाग आला," ती बोलली. "दुसरा शोधताना वेळ संपला."

"मग काय लिहिलंस?"

"काहीच नाय लिहिलं. मामा येऊन सांगत होते कानात. मी नको बोलले."

आता हे पण ऐका. प्रत्येक लॅबमध्ये परीक्षेच्या दिवशी मामा किंवा मावशी पाणी द्यायच्या निमित्तानं फिरतात आणि पुडीत काय आहे ते हळूच सांगतात. पुड्या त्यांनीच बांधलेल्या असतात, त्यांना माहीत असतं. चोवीस वर्षं मी पण सांगितलं. नापास व्हायला आलेल्या पोरांना सांगितलं, रडणाऱ्या पोरींना सांगितलं. मी ते पुण्य समजायचे. सर कडक, पण त्या एका दिवशी ते खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. त्यांनापण माहीत होतं.

आणि माझ्या तोंडातनं काय आलं? मी तिथेच फाटकाजवळ तिच्यावर ओरडले. "ऐकायचं होतंस ना! सगळी पोरं ऐकतात, तू कोण मोठी लागून गेलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बोलली, "आजी, खऱ्या आकड्यासाठी मॅडमशी तू भांडलीस ना? मी बोललेले का तुला, ये म्हणून?"

 तिच्या खांद्यावरची बॅग मी घेतली, तिनं परत ओढून घेतली. घरापर्यंत ती दोन पावलं पुढे चालत राहिली.

तिला तीसपैकी बावीस मिळाले. तिच्या वर्गात जिनं वर्षभरात एकदाही नळी धरली नाय, तिला एकोणतीस. घराजवळच्या कॉलेजचा नंबर तीन मार्कांनी गेला. पनवेलच्या पलीकडे लागला. तिथे लॅब चालते, बोलते. काचा स्वच्छ असतात, बोलते. ती हे सांगते तेव्हा हसते. मला हसू येत नाय.

मॅडमवर राग आहे, त्या हसणाऱ्या सरांवर आहे, सुनेवर आहे, मामांवर आहे. माझ्यावर किती आहे ते मी कोणाला सांगत नाय. पोरगी सकाळी साडेपाचला निघते. मी तिच्या आधी उठते, चपात्या करते. लाटणं पोळपाटावर आपटतं तेव्हा सून आतनं विचारते, "आई, काय झालं?"

"काय नाय," मी बोलते. "झोप."