बेवारशी कबरींचा राखणदार

साठ-पासष्ट सालची गोष्ट. आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगराखाली जुन्यापुराण्या, बेवारशी कबरी होत्या. आम्ही रत्नागिरीची पोरं बांधकामासाठी तिथलेच दगड भरायचो. वस्तीने राखणीला पाळ्या लावल्या होत्या, पण माणसं तेलाच्या कामावर गेली आणि एक म्हातारा तेवढा उरला. तो भांडायचा नाही. आम्ही ट्रकमध्ये टाकलेला दगड उतरवायचा, बाहीने पुसायचा आणि नेमका त्याच्याच खळग्यात नेऊन बसवायचा.

एकदा मी वैतागून विचारलं, "चाचा, यात तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "ज्याचं कोणी असतं, त्याला राखणदार कशाला लागतो?"

एका सकाळी तो मेल्याचं कळलं. आम्ही त्याच्यासाठी फातिहा पढलो आणि त्या दिवशी दोन खेपा जास्त भरल्या.