रामनगरच्या रेतीवरची पट्टी

लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझी बदली बनारसला झाली. बदली कसली, घरीच आलो. वडील पंचगंगा घाटावरच्या अन्नछत्रात आचारी होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो आणि वायरलेस हवालदार झालो, याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे.

काशीच्या एवढ्याशा मुलखात विमान उतरवायला दोन जागा होत्या. जुनी गंगेपलीकडची, रामनगरच्या बाजूची रेती. लढाईआधी एखाद्या साहेबाचं विमान यायचं ते तिथेच, आणि लोक नावा करून बघायला जायचे. पण पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली. म्हणून लढाई लागल्यावर बाबतपूरकडे उंचावर पक्की पट्टी केली. रेती राखीव उरली. पूर ओसरला की ती तपासायची आणि 'फिट' किंवा 'अनफिट' लिहायचं. त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं.

नियम असा, की भरलेली लॉरी पट्टीवरून जोरात पळवायची. चाक रुतलं नाही तर फिट. पण नदीवरचा पिपांचा तरता पूल पावसाळ्यानंतर अजून बांधला नव्हता. लांबच्या वाटेने लॉरी न्यायला एक दिवस लागला असता. तो मी मागितला नाही. लोखंडी सळई घेऊन गेलो आणि दर पन्नास पावलांवर रेतीत खुपसली. चार बोटं जाऊन ती थांबायची. मीही तिथेच थांबायचो, जोर लावून आणखी खाली बघत नव्हतो.

मला नावेतून नेणारा रामधनी मल्लाह हे बघत होता. म्हणाला, "भइया, नीचे अबहीं पानी हौ. माघ ले रुक जा."

माघापर्यंत थांब म्हणत होता. मी हसलो. त्याला सांगितलं की तू वल्ही मार, हे शिकलेल्याचं काम आहे. रिपोर्टवर 'फिट' लिहून सही केली.

फ्लाइंग ऑफिसर टिळेकर दर आठवड्याला टपाल आणि औषधं घेऊन विमानाने यायचे. मध्य प्रांतातल्या सागरचे. मला 'बी.ए.' म्हणूनच हाक मारायचे. आईच्या हातचं पिठलं खायला गल्ल्या तुडवत आमच्या घरी यायचे. बरोबर त्यांचा मेकॅनिक अब्दुल रहीम, गोरखपूरकडचा, अबोल माणूस. तो बाहेर ओट्यावर जेवायचा. तेव्हा तसंच होतं.

त्या सकाळी मी वायरलेस सेट घेऊन रेतीवर होतो. सात पस्तीसला बाबतपूरहून सुभेदारसाहेबांचा निरोप आला : इथे धुकं, इकडचा कोहरा, दाट आहे, अर्ध्या तासात उठेल, विमान वरच थांबवा. अलाहाबादही बंद होतं. टिळेकरांकडे चाळीस मिनिटांचं पेट्रोल होतं. रेतीवर मात्र स्वच्छ ऊन.

सेटवर मराठी बोलायची मनाई होती. टिळेकर बोलायचेच.

"बी.ए., झोपलायस का? बाबतपूर की तुझी रेती? ओव्हर."

"बाबतपूर अर्ध्या तासाने उघडेल. रेती फिट आहे. ओव्हर."

"नक्की?"

रामधनीचं बोलणं आठवलं. पण सही माझी होती. ती खरी ठरावी असं मला वाटत होतं.

"नक्की. उतरा. ओव्हर."

"मग आईंना पिठलं टाकायला सांग. आउट."

सात शेहेचाळीसला चाकं टेकली. पहिले दोनशे यार्ड नीट गेले. मग डावं चाक वरचा थर फोडून खाली गेलं आणि विमान नाकावर उलटलं. रामधनी आणि मी धावलो. टिळेकर आणि अब्दुल रहीम, दोघेही जागच्या जागी गेले होते.

आठ वाजून पाच मिनिटांनी बाबतपूरचा कोहरा उठला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. लॉरी नेली नाही तेही, रामधनी काय म्हणाला तेही. मेजरसाहेब म्हणाले, नावाड्याचं मत हा पुरावा नाही, आणि कुठे उतरायचं ते शेवटी पायलट ठरवतो. मला ताकीद मिळाली. कागदावर आलं : वैमानिकाची निर्णयातली चूक.

पंधरा दिवसांनी टिळेकरांचे वडील अस्थी सोडायला आले. शाळामास्तर होते. मी बरोबर गेलो. नाव रामधनीचीच होती. अस्थी प्रवाहात सोडून झाल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून सरकारी पत्र काढलं.

"माझं इंग्रजी बेताचं. यात चूक आमच्या वसंताची म्हटलंय का?"

"म्हटलंय. पण ते खरं नाही, काका. जागा मी सांगितली. आणि ती मी धड तपासली नव्हती."

रामधनीने वल्ही थांबवली होती. मास्तरांनी पत्र उलटं केलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"मराठीत लिहून द्या. त्याच्या आईला वाचून दाखवायचंय."

मी लिहिलं. खाली नंबर, रँक, नाव घालून सही केली. त्यांनी घडी घातली.

अब्दुल रहीमच्या घरून कोणी आलं नाही. ऑफिसातून पत्ता काढून मी दोनदा पत्र टाकलं, दोन्ही परत आली. कुणाला लिहून द्यायचं, ते कळलंच नाही. म्हणून इथे लिहितो. मेकॅनिक अब्दुल रहीम, जिल्हा गोरखपूर. कुठे उतरायचं, हे त्याला कोणी विचारलंही नव्हतं.